कुंभारीची बस परत हवी असेल तर निवेदनात काय लिहावं?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. आई विड्या वळते, बहीण केगावला विद्यापीठात शिकते, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. करोनाआधी सिटी बसचा आधार होता. करोनात फेऱ्या कमी झाल्या, त्या परत पहिल्यासारख्या झाल्याच नाहीत. वसाहतीतले पन्नासेक जण मिळून निवेदन देणार आहोत. 'बंद झालेले सगळे मार्ग पूर्ववत सुरू करा' असं लिहिलं तर चालेल ना?"

माझं उत्तर: तसं लिहू नका. 'सगळे' आणि 'पूर्ववत' या दोन शब्दांनीच तुमचं काम बिघडेल. का ते सांगतो.

मी ३१ वर्षं शहर बससेवेत काढली. वाहक म्हणून लागलो, मग वाहतूक नियंत्रक झालो आणि शेवटची बरीच वर्षं वेळापत्रक विभागात होतो. नोकरी दुसऱ्या शहरात झाली, निवृत्तीनंतर सोलापुरात परत आलो. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली त्या दिवशी आमच्या आगारात बस एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एवढ्या बस एका जागी मी नोकरीत कधी पाहिल्या नव्हत्या, कारण बस आगारात नसते, रस्त्यावर असते. त्या वर्षी २० ऑगस्टला एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सुरू झाली, हळूहळू शहरांच्या बसही निघाल्या. आमच्याकडे सेवा सुरू करायची बैठक झाली तेव्हा प्रत्येक प्रभागातून एकच मागणी आली, आमचा मार्ग आधी. कोणालाच नाही म्हणवेना. हाताशी होत्या तेवढ्या बस आम्ही सगळ्या जुन्या मार्गांवर वाटून टाकल्या, कुठे एक, कुठे दोन. कागदावर सगळे मार्ग सुरू झाले, आणि चार महिन्यांत प्रवासी पांगले. त्या वेळापत्रकावर माझी सही होती. त्याची खंत आजही आहे, म्हणूनच हे उत्तर लांबणार आहे.

चूक कुठे झाली ते तुमच्याच मार्गाच्या हिशेबावरून पाहू. समजा स्टेशन ते कुंभारी जायला ४५ मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना चालक-वाहकाला पाच-पाच मिनिटं द्यावीच लागतात. म्हणजे जाऊन-येऊन एक चक्कर १०० मिनिटांची. या मार्गावर एकच बस दिली तर स्टॉपवरच्या माणसाला १०० मिनिटांनी एक बस. ती बंद पडली तर त्या दिवशी मार्गच बंद. पाच बस दिल्या तर दर २० मिनिटांनी बस. त्यातली एक बंद पडली तर २० ची २५ मिनिटं होतात, आणि स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईला काही बिघडल्याचं कळतही नाही. पाचपट बस देऊन सेवा पाचपट होत नाही, त्याहून कितीतरी जास्त होते, कारण माणूस घड्याळ न बघता घरातून निघू लागतो.

आता शहराचा विचार करा. समजा रोज खात्रीने ३० बस रस्त्यावर येऊ शकतात. त्या २५ मार्गांवर पसरल्या तर २५ ठिकाणी भरवसा नसलेली बस. त्याच सहा मोठ्या रस्त्यांवर पाच-पाच लावल्या तर सहा ठिकाणी २० मिनिटांना बस. आधी सहा रस्ते पक्के करायचे, मग प्रत्येक वाढीव पाच-सहा बसला एकेक नवा रस्ता जोडायचा. पूर्ववत करायचीच असेल तर ही एकच गोष्ट: बस येणार हा विश्वास. मार्गांचे क्रमांक नंतर आले तरी चालतील.

कोणते रस्ते, हा प्रश्न मग आपोआप येतो. सोलापूरची रचना चाकाच्या आऱ्यांसारखी आहे. मध्ये नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती असा गजबजलेला जुना भाग. तिथून विजापूर रोड सैफुल, सोरेगावकडे, होटगी रोड आसरा चौकाकडे, पुणे रोड बाळे, केगावकडे, हैदराबाद रोड मार्केट यार्ड आणि जुन्या विडी घरकुलाकडे, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीवरून तुमच्या कुंभारीकडे. माझ्या मते हे पाच आरे आधी, आणि सहावा जुळे सोलापूरच्या आतला, कारण तिथे घरं झपाट्याने वाढली. दोन आरे मध्यातून जोडून एकच लांब मार्ग करता येतो, म्हणजे तुमच्या बहिणीला केगावपर्यंत बस बदलावी लागणार नाही. पण मार्ग जितका लांब तितका उशीर साठत जातो. कन्ना चौकात दहा मिनिटं अडकलेली बस केगावहून परतायलाही दहा मिनिटं उशिरा निघते. म्हणून सुरुवातीला आरे वेगळे ठेवावेत, बदलायची जागा एकच असावी आणि तिथे दोन्ही बस दोन-तीन मिनिटांच्या अंतराने मिळाव्यात. वेळापत्रक बसवणाऱ्याला हे जमतं, फक्त त्याला तसं सांगावं लागतं. आणखी एक, जुन्या पेठांतून १२ मीटरची बस नेऊ नये. वळणावर ती अडकली की मागचा सगळा बाजार थांबतो आणि लोक बसलाच शिव्या देतात. तिथे ९ मीटरची मिडी हवी.

मार्ग बंद पडला की लोक समजतात बस नाहीत. बस असतातही, चालवायला माणूस नसतो. ३० बस सकाळी ६ ते रात्री १० चालवायच्या तर दोन पाळ्यांत रोज ६० चालक लागतात. साप्ताहिक सुट्टी धरली की ७० होतात. रजा, आजारपण, लायसन्सचं नूतनीकरण, कोर्टाची तारीख यांत पंधरा टक्के माणसं कायम बाहेर असतात. म्हणजे ८० च्या वर चालक आणि तेवढेच वाहक. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. ही मर्यादा ओव्हरटाइम लावून ताणली की महिनाभर सेवा छान दिसते, दुसऱ्या महिन्यात गैरहजेरी वाढते. टाळेबंदीत पगार लांबले तेव्हा आमच्याकडचे कितीतरी रोजंदारी चालक टेम्पोवर गेले, भाजी विकू लागले. काही जण आजारात गेले. बाकीच्यांना परत बोलवायला आम्ही फार उशीर केला, तोवर त्यांनी दुसरीकडे बस्तान बसवलं होतं. म्हणून निवेदनात 'फेऱ्या वाढवा' लिहिण्याआधी एक माहिती मागा: सध्या कामावर हजर चालक किती आणि वाहक किती. त्या दोन आकड्यांवरून किती बस चालू शकतील ते तुम्हीच काढाल.

उभ्या राहिलेल्या बसबद्दलही बोलतो, कारण 'आगारात एवढ्या बस पडून आहेत, त्या बाहेर काढा' असं सगळेच म्हणतात. बस सहा महिने उभी राहिली की बॅटरी मरते. टायर एकाच बाजूवर दबून कायमचे चपटतात. हवेच्या ब्रेकचे रबरी भाग सुकतात आणि हवा धरत नाहीत. टाकीत पाणी साठतं, डिझेल खराब होतं. उंदीर वायरिंग खातात, आणि ते शोधायला मेकॅनिकला दोन दिवस लागतात. त्याहून वाईट एक सवय असते. सुटे भाग विकत आणायला पैसे नसले की उभ्या बसचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) काढून चालत्या बसला लावतात. पुढच्या आठवड्यात अल्टरनेटर, मग काच, मग सीट. कोणी वाईट हेतूने करत नाही, आजची फेरी वाचवायची असते. पण वर्षभरात त्या बसचा सांगाडा उरतो आणि मग ती भंगाराच्या भावाने जाते. आठ वर्षांवरच्या बसला तर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं; ते एकदा संपलं की दुरुस्तीचा खर्च आणि पासिंगची रांग दोन्ही अंगावर येतात. म्हणून मागणी अशी असावी की दुरुस्त होणाऱ्या आणि न होणाऱ्या बसची यादी एकदाच, सरळ, जाहीर करा. जी होणार नाही तिच्यावर कोणी आशा ठेवू नये.

नवीन बस येतील तेव्हा काय, हेही लोक विचारतात. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली, देशभरात १०,००० ई-बस. सोलापूरही त्या शहरांत आहे. यात बस आणि चालक खासगी कंत्राटदाराचे असतात, महापालिका त्याला किलोमीटरमागे दर देते आणि केंद्र त्यातला काही भाग १० वर्षं उचलतं. प्रवासी कमी आले तर तूट महापालिकेची, कंत्राटदाराचे पैसे ठरलेले. म्हणून ई-बस आल्यावर तर मार्ग नीट निवडणं आणखी महत्त्वाचं होतं. रिकामी फिरलेली बसही पैसे खाते. आणि सोलापूरच्या मे महिन्यात एसी सुरू ठेवून बस एका चार्जवर किती किलोमीटर जाते हे इथेच, भर उन्हात चालवून पाहावं. त्या आकड्यावर वेळापत्रक बसवलं नाही तर दुपारी तीनला अर्ध्या बस चार्जरवर उभ्या दिसतील, नेमक्या संध्याकाळच्या गर्दीच्या आधी.

पैशाचं आता थोडं स्पष्ट बोलू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणी, सफाई, दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कामं आहेत. बससेवा ऐच्छिक कामांत येते. टंचाई आली की बसला आधी कात्री लागते, त्याचं मूळ इथे आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांत दर हजार लोकांमागे ०.६ बस ही चांगली पातळी मानली आहे आणि ०.२ च्या खाली गेलं की सगळ्यात खालची पातळी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या हिशेबाने चांगल्या सेवेला ५७० बस लागतात, आणि तळातून वर यायलाच १९०. हे आकडे निवेदनात जरूर घाला, पण मागणी म्हणून घालू नका. ५७० बस मागितल्या तर कागद फाईलला लागेल. मागणी किलोमीटरची करा. समजा किलोमीटरमागे खर्च ७० रुपये आणि तिकिटातून ३० आले, तर ४० ची तूट. ३० बस रोज २०० किलोमीटर चालल्या तर दिवसाला २ लाख ४० हजार, वर्षाला पावणेनऊ कोटींच्या आसपास. खरे दर परिवहन विभागाकडून घ्या आणि तेवढी रक्कम अंदाजपत्रकात सेवेचा खर्च म्हणून आधीच धरा, असं मागा. वर्षअखेरीस 'तोटा झाला' म्हणून हात वर करणं आणि एप्रिलमध्ये 'एवढ्या किलोमीटरसाठी एवढे पैसे' असं ठरवणं यात मोठा फरक आहे. दुसऱ्या पद्धतीत फेरी रद्द झाली तर 'पैसे दिले होते, फेरी कुठे गेली' असं विचारता येतं.

भाडेवाढ करून तूट भरू, असं कोणीतरी हमखास सुचवेल. वाहतूक क्षेत्रातला जुना ढोबळ अनुभव असा की भाडं दहा टक्के वाढलं तर तीनेक टक्के प्रवासी सुटतात. उत्पन्न वाढतं हे खरं, पण सुटणारे प्रवासी म्हणजे चार किलोमीटर चालत जाणाऱ्या बाया असतात. त्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. अक्कलकोटची एसटी तुमच्याच रस्त्याने जाते. सिटी बसमध्ये पूर्ण तिकीट आणि शेजारून जाणाऱ्या एसटीत अर्धं, अशी तुलना तुमच्या आईच्या मनात रोज होत असेल. म्हणून कुंभारीच्या मार्गावर महिलांच्या मासिक पासात सवलत मागा. सुट्ट्या तिकिटातल्या सवलतीपेक्षा पास बरा. पास काढलेला माणूस महिनाभर बसशी बांधलेला राहतो, आणि पैसे आगाऊ मिळतात.

कुंभारीचं म्हणून एक वेगळेपण आहे, त्यावर जोर द्या. तुमची गोदूताई परुळेकर वसाहत विडी कामगारांसाठी उभी राहिली, दहा हजार घरांची. पुढे तिथेच रे नगर झालं. तिथल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या, पूर्ण योजना ३० हजार घरांची. म्हणजे करोनाआधीची कुंभारी आणि आजची कुंभारी एक नाही. २०१९ चं वेळापत्रक जसंच्या तसं परत आलं तरी ते तुम्हाला पुरणार नाही. 'पूर्ववत' शब्द टाळा म्हणालो तो यासाठीही. शिवाय वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे 'हद्दीबाहेरचा तोटा आम्ही का सोसायचा' हा प्रश्न समोरून येईल. त्याचं उत्तर तयार ठेवा: हे लोक काम करतात शहरात, बाजार करतात शहरात, मुलं शिकतात शहरात, सिव्हिल हॉस्पिटललाही शहरातच जातात. आणि निवेदनाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.

वेळा ठरवताना टेबलावर बसलेल्या माणसाला विडी कामगार बाईचा दिवस ठाऊक नसतो. ऑफिसची गर्दी सकाळी नऊ-दहाला असते, म्हणून तो त्या वेळेला बस लावतो. तुमच्या आईला वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन पान-तंबाखू घेऊन परतायचं असतं, तिची वेळ वेगळी. हातात बोजा असतो. वाहकाने लगेज मागितलं की ती पुढच्या वेळी शेअर रिक्षात बसते, आणि बोजा असलेली एक बाई गेली की तिच्यासोबतच्या चौघी जातात. या मार्गावर विडीच्या सामानाला लगेज नाही असं लेखी मागा. पाटी आणि वेळापत्रक मराठीसोबत तेलुगूतही लावायला सांगा. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी आज्या बसचा क्रमांक वाचत नाहीत, शेजारणीला तेलुगूत विचारतात. स्टॉपवर सावली मागा. एप्रिल-मे महिन्यात इथल्या उन्हात २० मिनिटं उभं राहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

शेअर रिक्षावाल्यांशी भांडण लावून घेऊ नका. बस गेली तेव्हा त्यांनीच तुम्हाला शहरात नेलं. वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांतून मुख्य रस्त्यापर्यंत आणण्याचं काम त्यांच्याकडे राहू द्या, बसने मोठ्या रस्त्यावर धावावं. दोघांना पुरेल एवढे प्रवासी आहेत.

सुरुवातीची तारीख जूनचा मधला आठवडा मागा. शाळा-कॉलेजं उघडतात, पास तेव्हाच निघतात, आणि एकदा पास निघाला की वर्षभराची सवय लागते. जानेवारीत गड्ड्याच्या आधी सेवा सुरू करायचा मोह होतो, सिद्धेश्वर यात्रेला गर्दी असते म्हणून. पण त्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात, मिरवणुकीला मध्यवर्ती भागातून बस जात नाही, आणि पहिल्याच आठवड्यात विस्कळीत सेवा पाहिलेला प्रवासी लवकर परत येत नाही. आणि एका महिन्यात उत्पन्न बघून मार्ग बंद करणार नाही, किमान सहा महिने चालवू, असं लेखी घ्या. लोकांनी करोनात हप्त्यावर दुचाकी घेतल्या आहेत. हप्ता भरणारा माणूस पहिल्या महिन्यात गाडी सोडून बसमध्ये येत नाही. बस सलग वेळेवर येताना दिसली की आधी घरातली बाई येते, मग मुलं, आणि पेट्रोल परवडेना झालं की तोही.

तर निवेदन एका पानाचं करा. स्टेशन ते कुंभारी, सकाळी ६ ते रात्री १०, दर २० मिनिटांनी, पाच बस. पहिली बस कुंभारीहून पहाटेच्या पाळीला एमआयडीसीत पोचेल अशी, शेवटची बस स्टेशनहून दुसरी पाळी सुटल्यानंतरची. त्या शेवटच्या बसबद्दल हट्ट धरा. तीत कधी सातच माणसं असतील आणि कोणीतरी ती बंद करायला निघेल. पण संध्याकाळच्या गाडीला बसणारे कितीतरी जण 'ती चुकली तरी दहाची आहे' या धीरावर बसतात. आमच्याकडे एका मार्गाची शेवटची बस काढली तेव्हा तिच्या आधीच्या दोन फेऱ्यांचे प्रवासीही कमी झाले होते. शेवटी, दर महिन्याला ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, रद्द किती, हे तीन आकडे स्टॉपवर लावा एवढी मागणी जोडा.

निवेदन देण्याआधी एक काम तुमच्याच हातात आहे. वसाहतीच्या तोंडाशी दोन मुलं वही घेऊन सोमवार ते शनिवार उभी करा, सकाळी ५ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते १०. दर पंधरा मिनिटांत किती माणसं शेअर रिक्षात बसली, किती एसटीत, किती दुचाकीवर मागे बसून गेली, त्यात बाया किती, शाळेची मुलं किती, हातात बोजा असलेल्या किती. नावं विचारू नका, फक्त रेघा मारा. शनिवारी बेरीज झाली की मला कळवा. त्यावरून पाच बसचं वेळापत्रक मी बसवून देतो, चालकांच्या पाळ्यांसकट, म्हणजे ते निवेदनाला जोडता येईल.